बकलाची मागची बाजू

दातारकाका कुणालाही भेटले की आधी त्याच्या कमरेकडे बघत. चेहऱ्याकडे नंतर. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे जुनी मंडळी काही वाटून घेत नसत. पण नवीन आलेली माणसं बिचारी गडबडून जायची. कुणी शर्ट खाली ओढायचा, कुणी हळूच चेन तपासायचा. माझ्या नवऱ्याने तर पहिल्या भेटीनंतर घरी येऊन विचारलं, "मी फार सुटलोय का गं? ते काका सारखे पोटाकडे बघत होते." काका पोटाकडे बघत नव्हते. ते त्याच्या पट्ट्याचं बकल बघत होते, आणि ते ओतीव आहे की प्रेसवर ठोकलेलं, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता.

काका धातूंचे इंजिनिअर. पुण्यात शिकून ऐन तरुणपणी इकडे आले आणि वूस्टरजवळच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकून वस्तू बनवणाऱ्या प्रेसेसवर, सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, भजनी मंडळ काढतात, नाहीतर मुलांच्या गावी जाऊन नातवंडं सांभाळतात. काकांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या पट्ट्यांची बकलं अभ्यासायला घेतली. हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवलंय आणि ऐकताना प्रत्येकाचा चेहरा एकसारखा होतो. माझाही झाला होता.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती जर्मनमुळे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात गल्लीगणिक एक जण तरी जर्मन शिकत असे. मीही शिकले, परीक्षा दिल्या, जर्मनीला जायची स्वप्नं बघितली, आणि लग्न करून मॅसॅच्युसेट्सला आले. मंडळाच्या संक्रांतीत तिळगूळ वाटता वाटता मी हे कुणाला तरी हसत सांगत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "हाताने लिहिलेलं वाचता येतं का? जुन्या वळणाचं?"

मी म्हटलं, "थोडंफार."

हे थोडंफार मला भलतंच महागात पडलं. दुसऱ्या दिवशी काका आमच्या दारात. पायात स्नो-बूट, डोक्यावर माकडटोपी, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. "मेधा तूच ना? चहा नको. घेईन, पण नंतर. आधी हे पान बघ."

ते एका जर्मन सैनिकाच्या पगारपुस्तकातलं पान होतं. सैन्यात भरती झालेल्या प्रत्येकाला असं पुस्तक मिळायचं, आणि त्याला स्टोअरमधून काय काय इश्यू झालं ते त्यात कारकून लिहून ठेवायचा. मी अडखळत वाचत गेले. सदरे. मोज्यांचे जोड. बूट. टोपी. पट्टा, बकलासह, एक.

"एक," काका म्हणाले, आणि इतके खूश झाले की मला वाटलं काहीतरी मोठा शोध लागला. "म्हणजे पट्टा आणि बकल एकाच ओळीत. वेगळं नाही. छान. पुढचं पान?"

पुढचं पान कोरं होतं. मी विचारलं, "म्हणजे मेला का हा?"

"ठाऊक नाही," काका म्हणाले. "मेला असेल, पकडला गेला असेल, कारकून पळाला असेल. कोरं पान आहे एवढंच दिसतंय. आता आण चहा."

हे 'ठाऊक नाही' त्यांच्या तोंडी इतक्या वेळा असे, की शैलाकाकू म्हणायच्या, "हिच्याशी लग्न करायचंय का असं माझ्या वडिलांनी ह्यांना विचारलं असतं, तर ह्यांनी हेच उत्तर दिलं असतं." पण काका ते हात झटकायला म्हणत नसत. त्यांच्या वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असत: दिसलं, ऐकलं, वाटलं. कुठलीही माहिती आली की ती आधी कुठल्या रकान्यात जाते ते ठरायचं. पुढे पुढे ते घरातही सुरू झालं. काकू म्हणायच्या, "सुलभाच्या सुनेचं नोकरीत काहीतरी बिनसलंय." काका पेपरातून वर न बघता विचारायचे, "दिसलं, ऐकलं की वाटलं?" काकू भडकायच्या. "मला कळलं! असा एक रकाना ठेवा तुमच्या वहीत."

बकलंच का, हे मी त्यांना अगदी सुरुवातीला विचारलं होतं. उत्तर सरळ होतं. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत आजोबांच्या पेटीतली दोन बकलं आणून दाखवली होती, एक ॲल्युमिनियमचं आणि एक पोलादी. नक्षी तीच, माप तेच, सैन्य तेच. मग धातू का बदलला? काकांच्या डोक्यात तो प्रश्न अडकला तो पुढे वीस वर्षं निघाला नाही. उत्तर त्यांना पहिल्या महिन्यातच मिळालं होतं म्हणे. ॲल्युमिनियम विमानांना लागायला लागलं, तेव्हा सैनिकांच्या पोटावर पोलादी पत्रा आला. पण एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघत गेला. आधी मागे चामड्याची एक जीभ असे, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि वर्ष. मग ती जीभ गेली. वरचा हिरवट करडा रंग घाईघाईने मारलेला दिसायला लागला. "राज्य बुडायला लागलेलं आधी स्टोअरकीपरला कळतं," काका म्हणायचे. "सेनापती भाषणं देत असतो, स्टोअरकीपरकडे चामडं संपलेलं असतं."

लढाया, सेनापती, रणगाडे यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना स्टोअरकीपर हवा असे. नवीन पोरगा भरती झाला की टेबलापलीकडचा माणूस त्याच्या कमरेकडे बघून पट्टा कसा काढून देत असेल, मापात चूक झाली तर बदलून मिळायचा का, मेलेल्याचा पट्टा परत स्टोअरला जायचा का, हे त्यांचे प्रश्न. मला तर वाटतं, लोकांच्या कमरेकडे बघायची खोड त्यांना त्या अनोळखी स्टोअरकीपरचीच लागली होती.

स्वतः त्यांनी एकही बकल विकत घेतलं नाही. "विकत घेतलं की ते खरं असावंसं वाटायला लागतं," असं म्हणायचे. लोक फोटो पाठवत, काही जण बघायला म्हणून वस्तूच देत आणि काका तपासून परत करत. फोटोही त्यांना मागच्या बाजूचेच हवे असत. पुढे गरुड, त्याच्या पायात ते चिन्ह, भोवती पानांचं कडं; ती बाजू सगळ्यांची सारखी. मागे मात्र एक खोबण असते, तिच्यात पट्ट्याच्या टोकाचा आकडा अडकतो. माणूस रोज पट्टा लावतो, काढतो, आणि आकडा खोबणीतला रंग खात जातो. अशा शेकडो खोबणींचे फोटो काकांनी जमवले होते. तळघरात आलेलं बकल नेहमी पालथं ठेवलेलं असे. एक तर काम मागच्या बाजूचं, आणि दुसरं म्हणजे काकूंनी ताकीदच दिली होती. "आपल्या देव्हाऱ्यातलं स्वस्तिक वेगळं आणि हे वेगळं, हे इथल्या बायकांना समजावण्यात माझी चाळीस वर्षं गेली. आणि तुम्ही तेच घरात आणून ठेवता!"

एकदा मी त्यांना जुन्या लष्करी वस्तूंच्या प्रदर्शनाला घेऊन गेले. काकांनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून ड्रायव्हर मी. एका हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यावर शिरस्त्राणं, बिल्ले, खंजीर. त्या सगळ्यात स्वेटर घातलेले आमचे काका भिंग घेऊन फिरत होते. एका टेबलावरच्या माणसाने त्यांना एक बकल दाखवलं आणि त्या सैन्याची तारीफ सुरू केली. काय ती शिस्त, काय ते नियोजन, प्रत्येक गोष्टीची नोंद. आता काका खूश होणार असं मला वाटलं, कारण नोंद हा त्यांचा प्राण. काकांनी बकल शांतपणे खाली ठेवलं.

"खरं आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "याद्या त्यांना फार चांगल्या करता यायच्या. पट्ट्यांच्या केल्या, तशाच माणसांच्याही केल्या. मी ह्या याद्या वाचतो तेव्हा त्या दुसऱ्या याद्या विसरत नाही. तुम्हीही विसरू नका."

काका पुढच्या टेबलाकडे गेले. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काका, भारीच बोललात." त्यांनी पट्टा लावला, सीटबेल्टचं बकल दोनदा उघडमीट करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याचं स्प्रिंग ढिलं झालंय. दाखवून घे."

आता वॉल्टची गोष्ट. काकांची आठवण आली की मला सगळ्यात आधी हीच आठवते.

वॉल्ट हा काकांच्या दोन घरं पलीकडे राहणारा, पंचाहत्तरी उलटलेला, एकटा. काका त्याला टोमॅटो द्यायचे, तो काकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा, इतपत शेजार. तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तो एक कॉफीचा जुना डबा घेऊन काकांकडे आला. डब्यात पोलादी बकल होतं. त्याच्या वडिलांनी युद्धावरून आणलेलं. मी तेव्हा तिथे होते, कुठल्याशा पानाचं भाषांतर करत बसले होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं.

वॉल्ट दहा वर्षांचा असताना त्याच्या काकाने त्याला सांगितलं होतं, की तुझ्या बापाने हे एका पोराच्या अंगावरून काढलं. जर्मन पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा, हात वर केलेला. तरी तुझ्या बापाने त्याला गोळी घातली आणि पट्ट्यावरून हे उतरवून घेतलं. मागच्या खोबणीत काळं काहीतरी घट्ट बसलं होतं. ते त्या पोराचं रक्त, असंही काकाने सांगितलं. वॉल्टचे वडील ह्यावर आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. विषय निघाला की खोलीतून उठून जायचे. वॉल्ट अठराव्या वर्षी घरातून बाहेर पडला तो परत गेला नाही. वडील आजारी पडले तेव्हा गेला नाही, वारले तेव्हाही गेला नाही. बहिणीने डबा पाठवून दिला, तो त्याने चाळीस वर्षं उघडला नव्हता.

"आता माझी बायपास आहे," वॉल्ट म्हणाला. "ऑक्टोबरात. टेबलावर जायच्या आधी मला कळायला हवं. तुम्हाला ह्यातलं कळतं असं लोक म्हणतात. फक्त एक करा, ते साफ करू नका. ते कुणाच्या तरी मुलाचं आहे."

काकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

पुढचे तीन आठवडे काका त्या बकलापुढे बसून होते. चामड्याची जीभ नाही, म्हणजे युद्धाच्या शेवटाकडचं. एवढं 'दिसलं'मध्ये गेलं. बाकी सगळं 'ऐकलं'मध्ये. खोबण त्या काळ्या थराने भरलेली, आणि तो खरवडायची परवानगी नाही. काकूंना हे बघवेना. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, सांगून टाका ना त्याला, रक्त नाही म्हणून. म्हातारा माणूस ऑपरेशनला चाललाय. काय जातं तुमचं?"

काकांनी घास खाली ठेवला. "आणि असलं तर?"

"नसेल हो."

"नसेल हे वाटतंय तुला. त्याला आयुष्यभर कुणीतरी ऐकीव सांगितलं, म्हणून तर ही वेळ आली. आता मीही तेच करू?"

एवढ्या चढ्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला खरं सांगायचं तर काकूंचं पटत होतं. मी असते तर केव्हाच खोटं बोलून मोकळी झाले असते.

त्याच सुमाराला काकूंची थोरली बहीण मिरजेहून आली होती. कुसुममावशी. वय ऐंशीच्या घरात, पण रिकामं बसणं माहीत नाही. अमेरिकेतल्या घरात काही काम शिल्लक नसतं ह्याचं त्यांना फार दुःख होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांना काम सापडलं. काका दरवर्षी खंडेनवमीला आपली हत्यारं पुजायचे: व्हर्नियर, भिंग, पकडी, छोटा हातोडा. ती घासूनपुसून ठेवायला मावशी तळघरात उतरल्या.

मी दुपारी झेंडूची फुलं द्यायला गेले, तर मावशी किचनमध्ये सिंकपाशी उभ्या, पदर खोचलेला, शेजारी देवाची भांडी चकचकीत ओळीने मांडलेली. मला बघून त्यांनी हात वर केला. "मेधा, हे बघ खाली काय सापडलं! देवाचं काहीतरी दिसतंय गं. गरुड आहे, स्वस्तिक आहे, भोवती पानांची वेल आहे. आणि काय दशा करून ठेवली होती ह्या माणसाने! पालथं टाकलेलं! चिंचेच्या गरम पाण्यात चांगलं अर्धा तास बुडवलं, तेव्हा कुठं मळ सुटला."

वर जर्मनमध्ये कोरलेलं होतं: देव आमच्याबरोबर आहे. मावशींना जर्मनचं अक्षरही येत नव्हतं, पण वस्तू देवाची आहे हे ती बनवणाऱ्यांचंही म्हणणं होतंच.

काकू आतून आल्या, बघितलं, आणि मटकन खुर्चीवर बसल्या. "अगं ताई, काय केलंस हे!" मावशींना काही कळेना. त्यांना कुणी समजावून सांगायच्या आत गॅरेजचं दार वाजलं. काका लायब्ररीतून परत आले होते.

त्यांनी ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. ते बरं असतं. पण ते नुसते तळघराच्या पायरीवर जाऊन बसले, बकल ओंजळीत धरून. मग म्हणाले, "मेधा, वॉल्टच्या लेखी ते त्या मुलाचं होतं. त्याने मला एकच गोष्ट सांगितली होती." मावशी एव्हाना रडायला लागल्या होत्या. काकांनी ते पाहिलं आणि उठले. "कुसुमताई, तुमची चूक नाही. मी कपाटाला कुलूप लावायला हवं होतं." मग एकदम थांबले. "ते पाणी कुठाय?"

"कसलं पाणी?"

"ह्याला बुडवलं होतं ते. टाकलं का?"

"झाडाला घालणार होते," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "ते काय पातेल्यात."

काकांनी पातेलं खिडकीपाशी नेलं, वाकले आणि नाक जवळपास पाण्यात घातलं. चिंचेच्या तपकिरी पाण्यावर तवंग तरंगत होता, कडेला काळपट चिकट कण. काकांनी एक बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला. मग माझ्यापुढे बोट धरलं. मीही हुंगलं. जुन्या शिवणयंत्राला येतो तसा वास होता.

"ग्रीस," मी म्हटलं.

"थांब. घाई करू नकोस," काका मला म्हणाले, पण खरं तर स्वतःलाच म्हणत होते.

आम्ही खाली गेलो. मावशींनी पुढची बाजू घासून घासून गरुडाचा रंग पार घालवला होता. मागची बाजू मात्र नुसती भिजली होती. मागचं कोण बघतंय, म्हणून ती घासायचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. काकांनी दिवा खाली ओढला, भिंग लावलं आणि खोबणीत बघत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं. "मला जे हवंय तेच मला दिसत असेल. तू बघ. मी काही सांगत नाही. काय दिसतं ते बोल."

मी बघितलं. "रंग आहे. हिरवट करडा. सगळीकडे आहे. कोपऱ्यातही."

"अजून?"

"कडेवर रंगाचा एक ओघळ आहे. वरून आत आलाय आणि तसाच वाळलाय."

"तुटलाय का कुठे?"

"नाही."

"नीट बघ मेधा. एखादा टवका? रेघ?"

"नाही काका. अख्खा आहे."

काकांनी खुर्चीला पाठ टेकली. त्या कडेवरच तर पट्ट्याचा आकडा बसतो. एकदा जरी कुणी पट्टा अडकवला असता तरी तो ओघळ तुटला असता. म्हणजे हे बकल कुणाच्या कमरेला कधी लागलंच नव्हतं. ते कुणाला इश्यूच झालं नव्हतं. काकांनी वही ओढली, पहिल्या रकान्यात लिहिलं, आणि खाली मलाही सही करायला लावली.

"चल," ते उठले. "वॉल्टकडे."

"चहा तरी घ्या," काकू वरून म्हणाल्या.

"नंतर."

वॉल्ट पोर्चमध्ये बसला होता. समोरच्या मेपलची लाल पानं त्याच्या पायरीवर पडली होती, ती झाडायची डॉक्टरांनी त्याला मनाई केली होती. माझा बेत होता की आधी चांगली बातमी सांगावी. काकांनी आधी वाईट सांगितली. उभ्या उभ्याच. "वॉल्ट, आमच्या घरात आज तुमचं बकल धुतलं गेलं. तुम्ही नको म्हणाला होतात. जबाबदारी माझी. मी माफी मागतो."

वॉल्टचा चेहरा पांढरा पडला. मी ते कधी विसरणार नाही. तो म्हणाला, "सगळं?"

"सगळं. आता जे दिसलं ते सांगतो. आणि जे दिसलं नाही तेही सांगतो." मग काकांनी त्याला तवंग सांगितला, खोबण सांगितली, ओघळ सांगितला. सोबत नेलेले फोटो दाखवले. वापरलेल्या बकलांच्या खोबणी कशा खाल्लेल्या असतात आणि ही कशी कोरी आहे. भिंग त्याच्या हातात दिलं. वॉल्टने खूप वेळ बघितलं.

"म्हणजे हे कुणी घातलंच नव्हतं."

"ह्यात कुणी कधी पट्टा अडकवला नव्हता."

"मग माझ्या बापाने मेलेल्या पोरावरून..."

"हे नाही. हे कुणाच्याच अंगावर नव्हतं."

"मग आणलं कुठून?"

"ठाऊक नाही. युद्ध संपताना स्टोअर्स उघडी पडली होती. नवीन माल खोक्यांत तसाच. येणारे-जाणारे सैनिक खिशात भरून न्यायचे. तसंच झालं असेल असं मला वाटतं. पण हे वाटतंय. दिसलेलं नाही."

"ग्रीस कसलं?"

"स्टोअरमधलं असेल, तुमच्या गॅरेजमधलं असेल. ठाऊक नाही."

वॉल्टने भिंग खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, आणि काका ह्या प्रश्नाला घाबरत होते हे मला माहीत होतं, "माझ्या वडिलांनी कुणाला मारलं होतं का?"

"ठाऊक नाही, वॉल्ट," काका म्हणाले. "ते युद्धावर होते. बकल एवढंच सांगतं की तुमच्या काकांनी सांगितलेली गोष्ट ह्या बकलाची नाही."

वॉल्ट समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, मी केलं म्हणून," तो हळूच म्हणाला. "आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही. आम्ही काकाला विचारायचो." आणि तो रडायला लागला. मोठा, थोराड माणूस, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. काका शेजारच्या खुर्चीत बसले. पाठीवर हातबित ठेवला नाही. नुसते बसले.

थोड्या वेळाने वॉल्टने नाक पुसलं आणि विचारलं, "पण धुतलं कशाला?"

काकांनी त्याला खंडेनवमी समजावली, गरुड समजावला, स्वस्तिक समजावलं. वॉल्टचे डोळे मोठे होत गेले. "शी वॉज गोइंग टु प्रे टु इट?"

"उद्या सकाळी," काका म्हणाले. "आज फक्त आंघोळ होती."

वॉल्ट असा काही हसला, की शेवटी त्याच्या छातीला काही होईल म्हणून मीच त्याला पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी तो मावशींसाठी पंपकिन पाय, म्हणजे इथला भोपळ्याचा गोड पदार्थ, घेऊन आला. मावशींनी त्याला पूजेचा प्रसाद दिला, आणि दोघं एकमेकांची भाषा अजिबात न कळता अर्धा तास बोलली.

बायपास नीट झाली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला फोन बहिणीला केला आणि दुसरा काकांना.

त्या डिसेंबरातच काका-काकू मुलाकडे सिअ‍ॅटलला राहायला गेले. आता हिवाळा झेपत नव्हता. मागच्या वर्षी काका तिथेच गेले, झोपेत, काही त्रास न होता. काकूंनी वह्या मला पाठवल्या आहेत. पण ते दोघं इथून निघायच्या आधीचा नोव्हेंबरातला एक दिवस माझ्या मनात राहिलाय.

वॉल्टला वडिलांच्या कबरीवर जायचं होतं. इथून दीड तासावरचं गाव. त्याला अजून गाडी चालवायची परवानगी नव्हती, म्हणून मी नेलं, आणि काका सोबत आले. वडील वारले तेव्हापासून वॉल्ट तिथे एकदाही गेला नव्हता. बहिणीने फोनवर ओळ आणि दगड समजावून दिला होता. त्याने तो शोधला. आम्ही मागे गाडीपाशी थांबलो. बोचरा वारा सुटला होता, बारीक बर्फ पडायला लागला होता. वॉल्ट टोपी काढून उभा होता. बोलत होता बहुतेक. लांबून खांदे हलताना दिसत होते. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काकांचं नाक लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काका, गाडीत बसा ना. हीटर लावते. त्याला वेळ लागेल."

"तू बस," काका म्हणाले. "मी नाही."

"अहो, गारठाल."

"चाळीस वर्षांचं बोलतोय तो. बोलून झालं की वळून बघेल. तेव्हा त्याला कुणीतरी उभं दिसायला हवं."

मी गाडीत बसले नाही. त्यांच्या शेजारी उभी राहिले. अजून बराच वेळ गेला. मग वॉल्टने टोपी डोक्यावर ठेवली आणि वळून बघितलं. काकांनी खिशातून हात काढून वर केला.